महाड ४०२३०१, पोलादपूर ४०२३०३: एका अंकाच्या चुकीचं गणित आणि तुमच्या आधारची राखण करणारी ६१७ अंकी संख्या

मुंबई-गोवा महामार्गावर महाड सोडलं की सुमारे वीस किलोमीटरवर पोलादपूर लागतं. सावित्री नदी दोन्हीकडून वाहते. दोन्ही गावांच्या पिन कोडमध्येही फरक आहे तो फक्त शेवटच्या अंकाचा. महाड ४०२३०१ आणि पोलादपूर ४०२३०३.

ऑनलाइन खरेदी करताना महाडच्या कुणी घाईत १ च्या जागी ३ टाइप केला, तर फॉर्म हूं की चूं करत नाही. तो पिन निमूटपणे मान्य करतो, कारण ४०२३०३ हाही खराच पिन आहे. पार्सल कुठे जाईल हा पुढचा प्रश्न.

आधार क्रमांकाचं मात्र तसं नाही. तिथे बारापैकी एक अंक चुकला, तर तो क्रमांकच चुकीचा असल्याचं साध्या गणितातून कळतं. आणि आधार कार्डावरच्या क्यूआर कोडमधला मजकूर कुणी बदलला, तर तेही पकडलं जातं.

तिन्ही शेवटी आकडेच. मग एका आकड्याला स्वतःची चूक कळत नाही, दुसऱ्याला कळते आणि तिसरा तर बनावट कार्डही ओळखतो, हे कसं? याचं उत्तर पूर्ण संख्यांच्या गुणधर्मांमध्ये आहे. आणि ते समजून घ्यायला महाड-पोलादपूरचे हे दोन पिन कोड पुरेसे आहेत.

पिन कोड हा नेमका कसला आकडा?

भारतात पिन कोड १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाला. ही पद्धत आखली श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी. ते केंद्राच्या दळणवळण मंत्रालयात अधिकारी होते आणि संस्कृतमध्ये कविताही लिहायचे. एकाच नावाची अनेक गावं, वेगवेगळ्या भाषांमधले आणि लिप्यांमधले पत्ते, यातून वाट काढायला त्यांनी सहा अंकांची युक्ती केली.

पहिला अंक देशाचा विभाग सांगतो. ४ म्हणजे पश्चिम विभाग. पहिले तीन अंक मिळून पत्रं वेगळी करण्याचा जिल्हा ठरतो. ४०२ हे अलिबागपासून पोलादपूरपर्यंतच्या रायगडचे अंक. शेवटचे तीन अंक टपाल कार्यालयाचे.

म्हणूनच पोलादपूरहून कशेडी घाट उतरून खेडला गेलात की पिन ४१५७०९ होतो. आंबेनळी घाट चढून महाबळेश्वरला गेलात की ४१२८०६. घाट ओलांडला की पहिले तीन अंक बदलतात.

म्हणजे पिन कोड हे खरं तर गावाचं नाव आहे, अंकांमध्ये लिहिलेलं. दोन गावांच्या पिनची बेरीज कुणी करत नाही. पण अंकांत लिहिलं की ती एक पूर्ण संख्याही होते: चार लाख दोन हजार तीनशे एक. आणि संख्या म्हटली की तिला स्वतःचे गुणधर्म आलेच, मग ते टपाल खात्याने ठरवलेले असोत वा नसोत.

४०२३०१ ही मूळ संख्या आहे का?

शाळेतली व्याख्या आठवा. जिला १ आणि ती स्वतः सोडून दुसऱ्या कशानेही भाग जात नाही, ती मूळ संख्या. २, ३, ५, ७, ११ वगैरे.

४०२३०१ कडे पाहिल्यावर ती मूळ असावी असं वाटतं. शेवटी १ आहे, म्हणजे २ ने किंवा ५ ने भाग जात नाही. अंकांची बेरीज ४ + ० + २ + ३ + ० + १ = १०, म्हणजे ३ ने जात नाही. ७, ११, १३, १७, १९, २३, २९, ३१ या सगळ्यांनी भागून पाहिलं तरी काही ना काही बाकी उरते.

मग येतो ३७. त्याच्यासाठी एक सोपी युक्ती आहे. संख्येचे तीन-तीन अंकांचे दोन तुकडे करा आणि त्यांची बेरीज घ्या.

४०२ + ३०१ = ७०३

आणि ७०३ = ३७ × १९. म्हणजे ४०२३०१ लाही ३७ ने भाग जातो.

असं का होतं? कारण १००० ला ३७ ने भागलं की बाकी १ उरते (३७ × २७ = ९९९). त्यामुळे ४०२ हजार म्हणजे ३७ च्या हिशेबात नुसते ४०२. त्यात ३०१ मिळवले की झालं.

भागाकार पूर्ण केला तर १०८७३ मिळतात. त्याचे पुन्हा तुकडे पाडले की ८३ × १३१. म्हणजे:

४०२३०१ = ३७ × ८३ × १३१

महाडचा पिन कोड मूळ संख्या नाही. तो तीन मूळ संख्यांचा गुणाकार आहे. आणि तो फक्त याच तीन मूळ संख्यांचा गुणाकार आहे. कुठल्याही पूर्ण संख्येचे मूळ अवयव पाडण्याची एकच रीत असते, क्रम काय तो बदलतो. म्हणून मूळ अवयवांना संख्येचे बोटांचे ठसे म्हणता येईल.

आणि पोलादपूर?

४०२३०३ चं कोडं लवकर सुटतं. अंकांची बेरीज १२, म्हणजे ३ ने भाग जातो. ११ ची कसोटी लावायची तर एक सोडून एक अंक घ्यायचे. ४ + २ + ० = ६ आणि ० + ३ + ३ = ६. दोन्ही बेरजा सारख्या आल्या, म्हणजे ११ नेही भाग जातो. उरतात १२१९१, त्याचे अवयव ७३ आणि १६७.

४०२३०३ = ३ × ११ × ७३ × १६७

दोन्ही यादी शेजारी ठेवून पाहा. महाडकडे ३७, ८३, १३१. पोलादपूरकडे ३, ११, ७३, १६७. एकही अवयव सामाईक नाही. हा योगायोग नाही. एखाद्या संख्येने दोन्ही पिनना भाग जात असेल, तर त्यांच्यातल्या फरकालाही भाग गेला पाहिजे. फरक आहे २. आणि दोन्ही पिन विषम आहेत, म्हणजे २ चा प्रश्नच नाही. अशा जोडीला शाळेच्या पुस्तकात ‘सहमूळ संख्या’ म्हणतात. दिसायला जुळ्या बहिणी, पण एकीचा एकही मूळ अवयव दुसरीत नाही.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. हे अवयव शोधायला फार तर किती भागाकार करावे लागले असते? ४०२३०१ चं वर्गमूळ ६३४ च्या जरा पुढे आहे. तिथपर्यंत मूळ संख्या आहेत ११५. म्हणजे कितीही दुर्दैव आड आलं तरी ११५ भागाकारांत निकाल. कागद-पेन्सिल घेऊन एका दुपारचं काम, मोबाइलला तर पापणी लवण्याइतकाही वेळ लागत नाही. सहा अंकी संख्येपाशी लपवायला जागाच नसते. पुढे हाच मुद्दा कळीचा ठरणार आहे.

‘लकी नंबर’चं काय?

पिन कोडच्या, गाडीच्या किंवा मोबाइल नंबरच्या अंकांची बेरीज करून भविष्य सांगणारे रील्स तुम्ही पाहिले असतील. महाडची बेरीज १०, पुन्हा बेरीज १. पोलादपूरची १२, पुन्हा बेरीज ३.

या ‘एक’ आणि ‘तीन’मध्ये गूढ काही नाही. अंकांची बेरीज करत एका अंकापर्यंत येणं म्हणजे त्या संख्येला ९ ने भागून बाकी काढणं (भाग पूर्ण गेला तर ९ येतात). १०, १००, १००० यांना ९ ने भागलं की दर वेळी बाकी १ उरते, म्हणून ही युक्ती चालते. ३७ च्या युक्तीमागेही हेच कारण होतं. बाकीवरून भागाकार कळतो, नशीब नाही.

पण अंकांशी खेळण्यातली खरी गंमत ज्यांनी दाखवली ते महाराष्ट्रातलेच होते: दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर. जन्म १९०५ मध्ये डहाणूचा. १९३० ते १९६२ अशी बत्तीस वर्षं ते नाशिकजवळच्या देवळालीत शाळेत शिकवत होते. हाती पदवी बीएस्सीची, आणि छंद अंकांचा.

ज्या संख्येला तिच्याच अंकांच्या बेरजेने भाग जातो, तिला त्यांनी नाव दिलं ‘हर्षद संख्या’, म्हणजे आनंद देणारी. या कसोटीवर महाड नापास होतं, कारण १० ने भाग जायला शेवटी शून्य हवं. पोलादपूरही नापास, कारण विषम संख्येला १२ ने भाग जात नाही. जिल्ह्याचं ठिकाण असलेलं अलिबाग मात्र पास होतं. ४०२२०१ च्या अंकांची बेरीज ९, आणि ४०२२०१ = ९ × ४४६८९.

कापरेकरांचा सगळ्यांत गाजलेला शोध १९४९ चा. चार अंकी संख्या घ्या, सगळे अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने लिहा, मग चढत्या क्रमाने लिहा आणि मोठ्यातून लहान वजा करा. उत्तरावर पुन्हा तेच करा. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत तुम्ही ६१७४ वर पोहोचता.

महाडच्या पिनचे शेवटचे चार अंक घेऊ: २३०१.

३२१० − ०१२३ = ३०८७
८७३० − ०३७८ = ८३५२
८५३२ − २३५८ = ६१७४

पोलादपूरचे शेवटचे चार अंक: २३०३.

३३२० − ०२३३ = ३०८७

पहिल्याच पायरीला दोघांचं उत्तर एक आलं. पुढचा रस्ता सारखाच. कारण या वजाबाकीत फक्त दोन गोष्टी मोजल्या जातात: सगळ्यांत मोठ्या आणि सगळ्यांत लहान अंकांतला फरक, आणि मधल्या दोन अंकांतला फरक. दोन्ही गावांसाठी हे फरक ३ आणि १ च येतात.

सहाही अंक घेतले तर खेळ बदलतो. तिथे सगळ्यांना ओढून घेणारी एकच संख्या नाही. ४०२३०१ पासून निघालात तर बाराव्या पायरीला ८५१७४२ येतात आणि मग सात संख्यांच्या फेऱ्यात तुम्ही गोल गोल फिरत राहता.

कापरेकरांना भारतात फार काळ कुणी गंभीरपणे घेतलं नाही. १९७५ मध्ये अमेरिकी लेखक मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’ मासिकातल्या आपल्या सदरात त्यांच्याबद्दल लिहिलं आणि हे नाव जगभर पोहोचलं. गार्डनर यांचं हेच सदर या गोष्टीत पुढे पुन्हा येणार आहे.

एक अंक चुकला तर संख्येला कसं कळेल?

आता पुन्हा पार्सलकडे. पिन कोडच्या सहा अंकांतला प्रत्येक अंक जागा सांगण्यात खर्च झाला आहे. चूक पकडण्यासाठी एकही शिल्लक नाही.

समजा, टपाल खात्याने सातवा अंक जोडला असता. तो कसा ठरवता आला असता? डेबिट आणि क्रेडिट कार्डांच्या क्रमांकात वापरला जाणारा नियम लावून पाहता येईल. आयबीएममधले अभियंते हान्स पीटर लून यांच्या नावाने तो ओळखला जातो.

नियम असा. शेवटच्या अंकापासून सुरुवात करून एक सोडून एक अंक दुप्पट करायचा. दुप्पट दोन अंकी आली, तर त्या दोन अंकांची बेरीज घ्यायची. मग सगळ्यांची बेरीज करायची. ती दहाच्या पटीत जायला जितके कमी पडतात, तो अंक शेवटी जोडायचा.

महाड: १, ३, ० यांचे झाले २, ६, ०. उरलेले अंक ०, २, ४. एकूण १४. वीसला ६ कमी. म्हणजे महाडचा पिन ४०२३०१-६.

पोलादपूर: ३, ३, ० यांचे झाले ६, ६, ०. उरलेले ०, २, ४. एकूण १८. वीसला २ कमी. म्हणजे ४०२३०३-२.

आता महाडच्या माणसाने चुकून ४०२३०३-६ टाइप केलं, तर बेरीज २४ येते. ती दहाच्या पटीत नाही. फॉर्म लगेच अडवणार. एका अंकाची कुठलीही चूक हा नियम पकडतो. शेजारचे दोन अंक उलटसुलट झाले तरी बहुतेक वेळा पकडतो. फक्त ०९ चे ९० किंवा ९० चे ०९ झाले, तर तो फसतो.

अशा शेवटच्या अंकाला ‘तपासणी अंक’ म्हणतात. तो नवीन माहिती देत नाही. बाकीच्या अंकांवर नजर ठेवणं एवढंच त्याचं काम.

आधारचा बारावा अंक काय करतो?

देशातलं पहिलं आधार २९ सप्टेंबर २०१० रोजी महाराष्ट्रातच, नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभलीत दिलं गेलं. आधार क्रमांकाचे बारा अंक पिन कोडसारखे जिल्हा किंवा गाव सांगत नाहीत. त्यातले पहिले अकरा सरसकट, कुठलाही अर्थ न ठेवता निवडलेले असतात. सुरुवात ० किंवा १ ने होत नाही, इतकंच.

बारावा अंक मात्र निवडलेला नसतो. तो आधीच्या अकरा अंकांवरून गणिताने काढलेला असतो. त्यासाठी डच गणिती याकोबस व्हेरहोफ यांची १९६९ मधली पद्धत वापरली जाते. कार्डांच्या नियमापेक्षा ती एक पाऊल पुढे आहे. एका अंकाची चूक ती पकडतेच, शिवाय शेजारचे दोन वेगळे अंक उलटसुलट झाले तर तेही प्रत्येक वेळी पकडते. ३७ चे ७३ होणं ही आपल्याकडून टाइप करताना हमखास होणारी चूक. तिला इथे वाव नाही.

रेशन, शिष्यवृत्ती, शेतकऱ्यांचे हप्ते, पूरग्रस्तांची मदत हे सगळं आता आकड्यांवर चालतं. जुलै २०२१ च्या महापुरात महाडमध्ये घरंच्या घरं पाण्याखाली गेली. अशा वेळी कागद भिजून जातात, पाठ असलेला किंवा कुठेतरी लिहून ठेवलेला क्रमांक तेवढा हाताशी राहतो. तो सांगताना किंवा लिहून घेताना एक अंक इकडचा तिकडे झाला, तर चूक तिथेच कळायला हवी. बारावा अंक त्यासाठी आहे.

पण इथे एक मोठा गैरसमज होऊ शकतो. तपासणी अंक जुळला म्हणजे आधार खरं, असं अजिबात नाही.

कुठलेही अकरा अंक घ्या, त्यांना जुळणारा बारावा अंक असतोच. मनाला येईल ती बारा अंकी संख्या लिहिली, तरी दहापैकी एकदा ती या कसोटीवर उतरते. तपासणी अंक बोटाची चूक ओळखतो, माणसाचा खोटेपणा ओळखत नाही. ओळख पटवण्यासाठी कुणी व्हॉट्सॲपवर आधार कार्डाचा फोटो पाठवला, तर त्यावरचा क्रमांक नियमात बसतो की नाही यावरून काहीच सिद्ध होत नाही.

मग खोटं कार्ड ओळखायचं कसं?

त्यासाठी कार्डावरच्या क्यूआर कोडकडे जावं लागेल. ई-आधार आणि पीव्हीसी आधार कार्डावर हा मोठा, दाट ठिपक्यांचा चौकोन असतो. साध्या स्कॅनरने तो स्कॅन केला, तर नाव-पत्ता दिसत नाही. दिसते ती अंकांची न संपणारी रांग.

ती रांग म्हणजे खरोखरच एक पूर्ण संख्या आहे, हजारो अंकी. नाव, जन्मतारीख, पत्ता, छोटा फोटो ही सगळी माहिती दाबून एका अवाढव्य संख्येत बसवलेली असते. माणसाची कागदावरची सगळी ओळख, एका आकड्यात.

या माहितीच्या शेवटी आधार प्राधिकरणाची, म्हणजे यूआयडीएआयची, डिजिटल सही असते. ती २०४८ बिटची आरएसए पद्धतीची सही आहे. आपल्या नेहमीच्या अंकांत सांगायचं तर ती ६१७ अंकी संख्येवर उभी आहे. आणि इथेच महाडच्या पिनवर केलेली अवयवांची कसरत कामाला येते.

आरएसए ही पद्धत १९७७ मध्ये रॉन रिव्हेस्ट, आदी शमीर आणि लेनर्ड ॲडलमन यांनी मांडली. नाव त्यांच्या आडनावांच्या आद्याक्षरांवरून. तिचा गाभा असा:

दोन प्रचंड मोठ्या मूळ संख्या निवडायच्या आणि त्या गुपित ठेवायच्या. त्यांचा गुणाकार मात्र जगजाहीर करायचा. सही करायची तर त्या दोन गुप्त संख्या हाताशी लागतात. सही खरी आहे का हे तपासायला जाहीर केलेला गुणाकार पुरतो. म्हणजे तपासणी कुणीही करू शकतो, सही मात्र एकच जण करू शकतो.

सही होते ती सगळ्या मजकुरातून गणिताने काढलेल्या एका छोट्या ठशावर. मजकुरात एक अक्षर किंवा एक अंक बदलला की ठसा पार बदलतो आणि जुनी सही जुळेनाशी होते.

खोटी सही करायची तर जाहीर गुणाकारातून त्या दोन मूळ संख्या शोधून काढाव्या लागतील. गुणाकार करणं सोपं, अवयव पाडणं अवघड. सगळी सुरक्षा या एका फरकावर आहे.

‘मोठी’ म्हणजे किती मोठी?

समजा, ही जाहीर संख्या ४०२३०१ असती. मग ४०२ आणि ३०१ यांची बेरीज करून ३७ शोधणारा कुणीही शाळकरी मुलगा सरकारची सही करू शकला असता. सहा अंकी कुलूप ११५ भागाकारांत उघडतं.

६१७ अंकी संख्येचं वर्गमूळ ३०९ अंकी असतं. तिथपर्यंतच्या मूळ संख्या एकेक करून तपासायच्या, तर त्यांची संख्याच ३०६ अंकी भरते. दिसणाऱ्या विश्वात मिळून जितके अणू असावेत असा अंदाज आहे, तो आकडा जेमतेम ८१ अंकी आहे.

अर्थात, जाणकार एकेक भागाकार करत बसत नाहीत. त्यांच्याकडे कितीतरी हुशार पद्धती आहेत. त्या किती पुढे गेल्या आहेत याचा इतिहासही रंजक आहे.

१९७७ मध्ये आरएसएची ओळख सर्वसामान्य वाचकांना करून दिली ती मार्टिन गार्डनर यांच्याच सदराने. देवळालीच्या कापरेकरांवर लिहिल्यानंतर दोनच वर्षांनी. त्या लेखात वाचकांसाठी १२९ अंकी संख्येचं एक आव्हान होतं आणि बक्षीस होतं शंभर डॉलरचं. ते सुटायला कोट्यवधी वर्षं लागतील, असा तेव्हाचा अंदाज. प्रत्यक्षात १९९४ मध्ये सुमारे सहाशे जणांनी इंटरनेटवरून आपापले संगणक जोडून ते सोडवलं.

फेब्रुवारी २०२० मध्ये २५० अंकी संख्येचे अवयव पाडण्यात संशोधकांना यश आलं. ते काम संगणकाच्या एकाच प्रोसेसर कोअरने केलं असतं, तर सुमारे २,७०० वर्षं लागली असती.

२५० पासून ६१७ हे अंतर दुपटी-अडीचपटीचं दिसतं. पण अंक वाढतात तसं काम त्याच पटीत वाढत नाही, त्याहून कितीतरी भरमसाट वाढतं. म्हणून आजच्या संगणकांपुढे ६१७ अंकी संख्या सुरक्षित मानली जाते.

कायमची सुरक्षित?

नाही. अवयव पाडणं अवघडच आहे, असं कुणी सिद्ध केलेलं नाही. आजवर सोपी वाट कुणाला सापडलेली नाही, इतकंच म्हणता येतं.

१९९४ मध्येच पीटर शोर यांनी दाखवून दिलं की पुरेसा मोठा क्वांटम संगणक बनला, तर तो हे अवयव झटपट पाडू शकेल. तसा संगणक अजून बनलेला नाही. पण वाट न पाहता तयारी सुरू झाली आहे. अमेरिकेच्या एनआयएसटी या मानक संस्थेने ऑगस्ट २०२४ मध्ये अशा संगणकांपुढेही टिकतील अशा नव्या पद्धतींची पहिली तीन मानकं जाहीर केली. त्या अवयवांच्या गणितावर अवलंबून नाहीत. येत्या वर्षांत बँका, सरकारी सेवा आणि ॲप यांना हळूहळू तिकडे वळावं लागेल.

मग तुम्ही काय करायचं?

पिन कोड भरताना शेवटचा अंक पुन्हा एकदा पाहा. त्याच्यावर नजर ठेवणारा अंक नाही. पत्त्यात गाव आणि तालुका स्पष्ट लिहा. पिन चुकला तर टपाल वाटणारा माणूस त्यावरूनच पत्ता ओळखतो.

आधार क्रमांक एखाद्या फॉर्मने ‘मान्य’ केला, म्हणजे तो त्या माणसाचाच आहे असं समजू नका. भाडेकरू ठेवताना, जुनी गाडी घेताना किंवा ऑनलाइन व्यवहार करताना कुणी आधार कार्ड दाखवलं, तर त्याच्या फोटोवर किंवा झेरॉक्सवर विसंबू नका. क्यूआर कोड यूआयडीएआयच्या अधिकृत ॲपने स्कॅन करा. स्क्रीनवर येणारं नाव, पत्ता आणि फोटो छापलेल्या मजकुराशी आणि समोरच्या माणसाशी ताडून पाहा. छापलेलं नाव बदलणं सोपं आहे, सही केलेलं नाव बदलणं नाही. आणि स्वतःच्या आधारचा फोटो कुठल्याही ग्रुपवर टाकू नका.

त्या क्यूआर कोडमधल्या पत्त्यात पिन कोडही असतो. कुणी महाडच्या कार्डावरच्या क्यूआरमध्ये फेरफार करून ४०२३०१ चा ४०२३०३ केला, तर पिन कोड स्वतः काही बोलणार नाही, कारण तोही खराच पिन आहे. पण त्या एका अंकाने ठसा बदलेल, सही जुळणार नाही आणि ॲप कार्ड नाकारेल. सहा अंकी पिनला स्वतःची चूक कळत नाही. त्याची राखण करायला त्याच चौकोनात ६१७ अंकी संख्या बसवलेली असते.